पुरुषांसाठीच्या फर्टिलिटी गोळ्या, पावडरी, चूर्णं : खरंच फरक पडतो का? (कोल्हापूर)

फर्नेसवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण ओळखीत कुणाला विचारायची सोय नाही म्हणून इथं लिहितोय. वय ३१, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, लग्नाला अडीच वर्षं झाली, अजून गोड बातमी नाही. बायकोचं सगळं बघून झालं, सोनोग्राफी, थायरॉइड, नळ्या उघड्या आहेत का ते बघायचा एक्सरे, सगळं व्यवस्थित. मग डॉक्टर मॅडम म्हणाल्या आता मिस्टरांचं बघू. माझ्या वीर्याच्या रिपोर्टमध्ये काउंट (शुक्राणूंची संख्या) ११ मिलियन पर एमएल, एकूण मोटिलिटी (हालचाल करणारे शुक्राणू) २८ टक्के, मॉर्फोलॉजी (नीट आकाराचे शुक्राणू) ३ टक्के आलंय. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे पण तोवर आई फोनवर मावशीशी बोलली आणि सगळ्या पाहुण्यांत झालं. आता कपाटावर रांग लागलीय. मेहुण्यानं फर्टिलिटीच्या कॅप्सूल आणून दिल्या, महिन्याचा खर्च अडीच हजार. मावशीनं गावाकडनं अश्वगंधा चूर्ण पाठवलं. जिममधला मित्र म्हणतोय झिंक आणि टेस्टोस्टेरॉन बूस्टर घे, महिन्यात काउंट डबल. आणखी एकानं तर इंजेक्शनचं नाव लिहून दिलंय.

यातलं काय घ्यावं, किती दिवस घ्यावं, कुणाला खरंच फरक पडलाय का? पैशाचं एक वेळ सोडा, पण प्रत्येक नवीन डब्याबरोबर बायको नवी आशा धरून बसते आणि ते बघवत नाही. माहिती असेल त्यांनी प्लीज सांगा.

लॅबवाली_ताई

दादा, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळं गोळ्यांचं इतर लोक सांगतील, मी आधी रिपोर्टबद्दल बोलते. एका रिपोर्टवर काहीच ठरवू नका. एकाच माणसाचा काउंट दोन वेळा केला तर खूप खालीवर होतो, म्हणून काही आठवड्यांच्या अंतरानं दुसरी टेस्ट करायचीच. टेस्टच्या आधी २ ते ७ दिवस वीर्य बाहेर न जाता गॅप पाहिजे, दोन दिवसांपेक्षा कमी नको आणि पंधरा दिवस साठवून पण नको. सॅम्पल शक्यतो लॅबमध्येच द्यायचा. घरून आणायचा असेल तर तासाभराच्या आत, आणि डबी शर्टाच्या आतल्या खिशात अंगाजवळ धरून. लोक बर्फात घालून आणतात हो, गारगोटीकडनं आलेल्या एकांनी आइस्क्रीमच्या डब्यात बर्फ भरून त्यात डबी ठेवली होती, बिचाऱ्यांना वाटलं खराब होईल. थंडीनं हालचाल मंदावते आणि मोटिलिटी खोटी कमी दिसते. आणि पहिला भाग बाहेर सांडला असेल तर तसं लॅबमध्ये स्पष्ट सांगायचं, लाजायचं नाही, कारण बहुतेक शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात.

डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या पुस्तकात खालची मर्यादा दिलीय ती अशी, काउंट १६ मिलियन पर एमएल, पूर्ण सॅम्पलमध्ये ३९ मिलियन, एकूण मोटिलिटी ४२ टक्के, त्यातली पुढं सरकणारी ३० टक्के, मॉर्फोलॉजी ४ टक्के. पण ही पास-नापासची रेघ नाही. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे आकडे घेतले, त्यातल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांची ही रेघ आहे. म्हणजे याच्याखाली असूनही बाप झालेली माणसं आहेत. तुमचा काउंट कमी आहे, शून्य नाही.

मागच्या दोन-तीन महिन्यांत जोराचा ताप येऊन गेला का ते पण सांगा.

फर्नेसवाला

ताई धन्यवाद. गणपतीच्या आधी डेंग्यू झाला होता, चांगला आठवडाभर झोपून होतो. त्याचा याच्याशी संबंध असेल असं कुणी बोललंच नाही.

लॅबवाली_ताई

असू शकतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात, मग बाहेर पडायच्या लायक व्हायला अजून दहा-बारा दिवस. म्हणजे आजचा सॅम्पल तुमची तीन महिन्यांपूर्वीची तब्येत दाखवतो. तापाचा परिणाम दोन-तीन महिने रिपोर्टवर राहतो. आणि महिन्यात काउंट डबल म्हणणाऱ्या मित्राला हेच सांगा, गोळी घेतल्यापासून महिन्यात नवीन शुक्राणू तयार होऊन बाहेरच येत नाहीत.

दुकानदार_काका

माझं स्वतःचं मेडिकल आहे राजारामपुरीत, हीच पाकिटं माझ्या काउंटरवरनं जातात, म्हणून स्पष्ट लिहितो आणि जरा लांब लिहितो.

मेहुण्यानं दिलेलं खोकं उलटं करून वाच. बहुतेक सगळ्यांत तेच असतं, कोएन्झाइम क्यू १०, एल-कार्निटिन, लायकोपिन, झिंक, सेलेनियम, फॉलिक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन सी आणि ई. कंपनी बदलते, खोक्यावरचं बाळ बदलतं, आतला माल थोड्याफार फरकानं तोच. आणि बऱ्याच खोक्यांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. म्हणजे कायद्यानं ते औषध नाही, एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्न सुरक्षा खात्याच्या, नियमातलं खाद्य आहे. औषध बाजारात यायच्या आधी ते चालतं हे माणसांवर चाचणी करून दाखवावं लागतं, यांना तसं लागत नाही.

यामागचा विचार खोटा नाही. शुक्राणूच्या आवरणात लवकर खराब होणारी चरबी भरपूर असते आणि दुरुस्तीची यंत्रणा त्याच्याकडं फार थोडी, त्यामुळं तंबाखू, उष्णता, इन्फेक्शन, शुगर यानं शरीरात जे ऑक्सिडेशन वाढतं त्याचा मार त्याला आधी बसतो. म्हणून ते रोखणारे घटक, म्हणजे अँटिऑक्सिडंट, द्यावेत असं डॉक्टरांना वाटलं. पण वाटणं वेगळं आणि पाळणा हलणं वेगळं. २०२० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकामध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास छापून आला. २३७० जोडपी, निम्म्या पुरुषांना सहा महिने रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आणि ३० मिलिग्रॅम झिंक, निम्म्यांना दिसायला तसलीच पण आत काही नसलेली गोळी. बाळ होण्याच्या प्रमाणात फरक नाही, काउंट-मोटिलिटीत पण नाही, उलट खरी गोळी घेणाऱ्यांत पोटाच्या तक्रारी जास्त आणि शुक्राणूंच्या डीएनएची मोडतोड जराशी जास्तच निघाली. त्याच वर्षी ‘मॉक्सी’ नावाचा दुसरा अभ्यास आला, त्यातलं मिश्रण तर जवळपास तुझ्या खोक्यातलंच, सी, ई, सेलेनियम, कार्निटिन, झिंक, फॉलिक, लायकोपिन. रिपोर्ट कमी असलेल्या पुरुषांनाच दिलं, तीन महिन्यांनी बघितलं तर काउंट, मोटिलिटी, डीएनए, कशातच सुधारणा नाही.

दुसरी बाजू पण सांगतो. कॉक्रेन म्हणून संस्था आहे, सगळे अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढते. त्यांनी २०२२ मध्ये ९० अभ्यास, दहा हजारांवर पुरुष बघितले आणि म्हटलं की फायदा होत असेलही, पण पुरावा कच्चा आहे, आणि कमकुवत अभ्यास बाजूला काढले की बाळ होण्यातला फायदा दिसेनासा होतो. एकट्या क्यू १० चे छोटे अभ्यास आहेत, रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम देऊन काउंट आणि मोटिलिटी वाढल्याचे, पण त्यातून बाळं जास्त झाली हे ठामपणे दिसलेलं नाही.

मग गिऱ्हाइकाला मी काय सांगतो? तीन महिने एकच पाकीट घ्यायचं तर घे, डॉक्टरला दाखवून घे, पण दोन-तीन एकत्र करू नको. तुझं तेच होणार आहे बघ. मेहुण्याच्या कॅप्सूलमध्ये झिंक, जिमच्या डब्यात झिंक, घरातल्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये झिंक. आपल्याकडं पुरुषाला रोजची गरज एनआयएननं (राष्ट्रीय पोषण संस्था) १७ मिलिग्रॅम धरलीय, ४० च्या वर रोज घेत राहिलं तर शरीरातलं तांबं कमी पडायला लागतं. सेलेनियम जास्त झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात. व्हिटॅमिन ई ४०० युनिट रोज घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त दिसला होता, २०११ चा अभ्यास आहे. व्हिटॅमिन आहे, काय होतंय, हे माझ्या काउंटरवर रोज ऐकतो म्हणून एवढं लिहिलं. बी १२ आणि डी मात्र रक्तात तपासून कमी असतील तर जरूर भरून काढ, ते एकूण तब्येतीसाठीच लागतं.

आणि एक. माझ्याकडं ही पाकिटं घ्यायला जे येतात त्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःची तपासणी केलेलीच नसते. बायको, आई, कधी सासरा येऊन घेऊन जातो. तू निदान रिपोर्ट काढलास, आता अर्ध्यात सोडू नको.

रंकाळाकाठची

काकांच्या शेवटच्या परिच्छेदावर मला बोलायचंय. आमच्या घरात तीन वर्षं हेच चाललं. माझ्या टेस्ट, माझी लॅप्रोस्कोपी, माझे उपवास, जोतिबाला नवस, आणि ह्यांना फक्त शक्तीची पावडर. टेस्ट करा म्हटलं की सासूबाई म्हणायच्या त्याला काय धाड भरलीय, जरा अशक्तपणा आहे, पावडरनं होईल ठीक. पावडर संपली की दुसरी यायची. एका दवाखान्यात (नाव घेत नाही) तर मला सहा महिने अंडं वाढवायच्या गोळ्या दिल्या आणि ह्यांचा साधा रिपोर्ट कुणी मागितला नाही. शेवटी मीच हट्ट धरला. रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य. पुढं तपासल्यावर कळलं की तयार होतायत पण वाट बंद आहे. आता मला सांगा, बंद वाटेला कुठली कॅप्सूल उघडणार होती? शेवटी सुईनं शुक्राणू काढून आयव्हीएफ केलं, मुलगी आता बालवाडीत आहे.

मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या केसमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणाबरोबर. तरी पहिली सुई बाईलाच टोचतात. दादा, तुमची बायको किती वर्षांची आहे? पस्तिशीनंतर बाईकडं वेळ झपाट्यानं कमी होतो, प्रत्येक डबा संपेपर्यंत थांबायचं म्हणजे ते महिने तिच्या वयातनं जातात. चिडून लिहिलंय असं वाटेल, पण मनापासून लिहिलंय.

फर्नेसवाला

वहिनी, ती २९ ची आहे. तुमचं वाचून तिला पण दाखवलं. ती काही बोलली नाही, पण वाचून झाल्यावर मोबाईल बराच वेळ हातातच धरून बसली.

तालमीतला_गडी

भावा, ते इंजेक्शन कुणी सांगितलं त्याचा नाद सोड पहिला. मी गंगावेशीत वाढलोय, कुस्ती केली, आता जिम चालवतो, म्हणून ठोकून सांगतो. बाहेरनं टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूला वाटतं अंगात भरपूर आहे, मग तो खाली गोट्यांना काम करायचा निरोपच पाठवायचा बंद करतो. एलएच आणि एफएसएच म्हणत्यात त्याला. रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसतंय, दंड फुगत्यात, पण आतनं कारखाना बंद. डब्ल्यूएचओनं १९९० च्या आसपास दर आठवड्याला हेच इंजेक्शन देऊन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून अभ्यास केलाय, बहुतेकांचा काउंट शून्यावर नायतर शून्याजवळ आला. आणि आपली पोरं तेच मूल व्हावं म्हणून घ्यायला निघाल्यात! सोडल्यावर परत येतंय, पण कुणाला सहा महिने, कुणाला दोन वर्षं बी लागत्यात.

ज्या डब्यांवर नुसतं ‘बूस्टर’ लिहिलंय त्यातल्या काहींत न लिहिता स्टिरॉइड मिसळलेलं सापडलंय, जगभर सापडलंय. साध्या प्रोटीन पावडरला माझी ना नाही, पण विश्वासाची घ्या आणि फर्टिलिटीसाठी म्हणून घेऊ नका, तिचा त्याच्याशी काय संबंध न्हाई. ज्यानं आधीच इंजेक्शन मारल्यात त्यानं डॉक्टरला लपवू नये, त्याच्यावर वेगळी ट्रीटमेंट असत्या आणि ती खरंच लागू पडत्या.

गुऱ्हाळ_कागल

फौंड्रीत फर्नेसपाशी उभा असतोस न्हवं? त्याचं कुणीच लिहिलं नाही. आमच्या गुऱ्हाळात चुलवाणात जाळ घालणाऱ्या एका गड्याला डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता. अंडकोष शरीराच्या बाहेर लोंबतायत ते उगंच न्हाई, त्यांना अंगापेक्षा दोन-चार डिग्री कमी पाहिजे असतंय. आठ-आठ तास धगीसमोर, वर जाड जीन्स, आत घट्ट चड्डी, मग कसं व्हायचं.

लॅबवाली_ताई

बरोबर आहे. २०१८ मध्ये हार्वर्डकडचा अभ्यास आला होता, ६५६ पुरुषांचा, सैल बॉक्सर घालणाऱ्यांचा काउंट घट्ट चड्डीवाल्यांपेक्षा २५ टक्के जास्त होता. एवढ्यानं बाळ होतं असं नाही, पण याला पैसे पडत नाहीत.

फर्नेसवाला

सहा वर्षं मेल्टिंगलाच (धातू वितळवायच्या भट्टीवर) आहे. आणि आता विचारणार म्हणून आधीच सांगतो, मावा खातो, दिवसाला चार-पाच पुड्या होतात. रात्रपाळीत जास्त.

दुकानदार_काका

मग अडीच हजाराच्या कॅप्सूल नंतर, आधी मावा. तंबाखू ओढली काय आणि गालात धरली काय, ती रक्तातनं तिथंच पोचते. एकीकडं अँटिऑक्सिडंट गिळायचं आणि दुसरीकडं चुना लावून सुपारी-तंबाखू चोळायची म्हणजे गळक्या हौदात पाणी सोडल्यासारखं आहे. एकदम सुटत नसेल तर निकोटिन गम मिळतात, दुकानात ये, किती ताकदीचा घ्यायचा ते बसून सांगतो.

वैद्य_मंगळवारपेठ

मी बीएएमएस, पंधरा-वीस वर्षं प्रॅक्टिस आहे. वाजीकरण (प्रजननशक्तीची चिकित्सा) हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे आणि अश्वगंधा, कवचबीज, गोखरू, शतावरी आम्ही वापरतो, त्यावर माझा विश्वास आहे. पण मावशीनं पाठवलेलं बिनलेबलचं चूर्ण घेऊ नका. अश्वगंधेवर २०१३ मध्ये आपल्याच देशात अभ्यास झाला, कमी काउंटच्या पुरुषांना ९० दिवस रोज ६७५ मिलिग्रॅम अर्क दिला आणि काउंट चांगला वाढला, जाहिरातवाले तोच आकडा सगळीकडं छापतात. पण त्यात पुरुष होते फक्त ४६. आणि अभ्यासात मोजून दिलेला अर्क होता, गावाकडं कुटलेलं मूळ नव्हे. थायरॉइडचे आकडे अश्वगंधेनं वर जाऊ शकतात, काही जणांना लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आहेत, म्हणून डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, अंग खाजायला लागलं तर लगेच बंद. कवचबीजात एल-डोपा असतं, मानसिक आजाराच्या किंवा पार्किन्सनच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय नको. आणि भिंतीवर पत्ता रंगवलेल्या तंबूतल्या ‘वैद्यां’कडनं कुठलंच भस्म घेऊ नका, नीट न झालेल्या भस्मातनं शिसं-पारा पोटात जातो.

तुमच्या मॅडमना सगळं दाखवा. माझ्याकडं येणाऱ्यांनाही मी आधी रिपोर्ट आणि शारीरिक तपासणी मागतो.

बांगडा_फ्राय

खाण्याचं कुणीतरी सांगा की, दूधकट्ट्यावरचं म्हशीचं दूध, खारीक, पांढरा रस्सा चालतंय का?

लॅबवाली_ताई

खा की, पण औषध म्हणून नको. चांगला अभ्यास झालाय तो अक्रोडावर, रोज ७५ ग्रॅम, १२ आठवडे, तरुण पुरुषांची मोटिलिटी आणि मॉर्फोलॉजी सुधारली. ते सगळे मुळात निरोगी होते हे लक्षात ठेवा. ७५ ग्रॅम म्हणजे भरपूर होतात, खिशाला झेपत नसतील तर थोडे अक्रोड, जवसाची चटणी, बांगडा, शेंगदाणे, भाज्या. वजन जास्त असेल तर ते कमी करा.

फर्नेसवाला

अपडेट देतो. मॅडमनी युरॉलॉजिस्टकडं पाठवलं होतं, काल जाऊन आलो. त्यांनी उभं करून तपासलं, मग श्वास धरून पोटावर जोर द्यायला सांगितला, आणि दोन मिनिटांत म्हणाले डाव्या बाजूला व्हेरिकोसील आहे, अंडकोषाच्या शिरा फुगल्यात. हातानं स्पष्ट लागतंय म्हणाले. अडीच वर्षांत मला कुणी तपासायला झोपवलं पण नव्हतं की उभं पण केलं नव्हतं. साधारण १५ टक्के पुरुषांना हे असतं म्हणे, आणि मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांत ३५ ते ४० टक्क्यांना. एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन रक्तात तपासायला दिलंय, डेंग्यूचं सांगितल्यावर म्हणाले दुसरी टेस्ट पुढच्या महिन्यात करू आणि तीही कमी आली तर ऑपरेशनचा विचार, त्यानंतर फरक दिसायला तीन ते सहा महिने.

कॅप्सूलचं विचारलं. म्हणाले ही एक चालू ठेवलीत तरी माझी हरकत नाही, पण तिच्यावर विसंबून टेस्ट पुढं ढकलू नका. बाकी सगळं बंद करायला लावलं. सुपरवायझरना मेल्टिंगवरनं फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करायचं काम) बदली मागितलीय, कारण सांगितलं नाही, उष्णतेचा त्रास होतोय एवढंच.

रंकाळाकाठची

फार बरं वाटलं वाचून. दुसऱ्या टेस्टला तिला बरोबर न्या आणि युरॉलॉजिस्टसमोर दोघं बसा. तिचे पण प्रश्न असतील, ते तिलाच विचारू दे.

तालमीतला_गडी

मावा किती आला?

फर्नेसवाला

दोनवर आलाय. काका, उद्या सुट्टी आहे, गमचं विचारायला येतो. आणि मेहुण्याची तीन खोकी न फोडलेली आहेत, बिल आहे, परत घेतात का बघतो.